विश्लेषण : तात्पुरत्या मुक्कामाचा ‘कॅम्प’ कायमचा पत्ता कसा झाला?

आधारचा कॅम्प एका दिवसात उठतो, पुण्याचा कॅम्प दोनशे वर्षे उठलेला नाही आणि गोंदिया जिल्ह्यातील तिबेटी ‘कॅम्प’मध्ये तिसरी पिढी वाढते आहे. एकाच इंग्रजी शब्दाला इतके अर्थ आले कुठून? आणि वस्तीला ‘कॅम्प’ म्हटल्याने तिथे राहणाऱ्यांना काय फरक पडतो?

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण. अशा गावात ‘कॅम्प’ हा शब्द महिन्यातून दोन-चारदा तरी कानावर पडतो. कधी आधारचा कॅम्प, कधी डोळे तपासणीचा, कधी बँकेच्या केवायसीचा. सकाळी मांडव उभा राहतो, टेबल-खुर्च्या लागतात, रांग लागते आणि संध्याकाळपर्यंत सगळे आवरले जाते.

याच गोरेगावातून कोहमारा, नवेगावबांधमार्गे दक्षिणेला अर्जुनी मोरगाव तालुक्यात गेले, की त्याच शब्दाचा अर्थ साफ बदलतो. इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगाव परिसरात ‘कॅम्पात जायचे आहे’ असे कुणी म्हटले, तर त्याला तिबेटी लोकांच्या वसाहतीत जायचे असते. ‘नॉर्ग्येलिंग’ नावाची ही वसाहत १९७२ मध्ये वसली. तिथे पक्की घरे आहेत, शेते आहेत, बौद्ध मठ आहे. ज्या पिढीने इथे पहिली झोपडी उभारली, तिची नातवंडे आता मोठी झाली आहेत. तरी आजूबाजूच्या गावांच्या तोंडी या जागेचे नाव ‘कॅम्प’च आहे.

एका ठिकाणी आठ तासांत उठणारा कॅम्प आणि दुसऱ्या ठिकाणी अर्धशतक उलटूनही न उठलेला कॅम्प. शब्द मात्र एकच.

हा शब्द मुळात कुठला?

इंग्रजीतील ‘कॅम्प’ फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये तो इटालियनमधून आला आणि सगळ्यांचे मूळ आहे लॅटिनमधील ‘काम्पुस’. या शब्दाचा अर्थ तंबू नाही आणि निवाराही नाही. ‘काम्पुस’ म्हणजे सपाट, मोकळे मैदान. प्राचीन रोममध्ये ‘काम्पुस मार्तियुस’ नावाचे मोठे मैदान होते. युद्धदेवता मार्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मैदानावर सैनिकांची कवायत चाले आणि नागरिकांच्या सभाही भरत.

मैदानावर सैन्य उतरू लागले आणि मैदानाचा शब्द सैन्याच्या मुक्कामाला चिकटला. सोळाव्या शतकात तो या अर्थाने इंग्रजीत रुळला. पुढे सैन्य गेले तरी मुक्कामाचा अर्थ उरला. सहलीचा कॅम्प, स्काउटचा कॅम्प, मजुरांचा कॅम्प, निर्वासितांचा कॅम्प असे त्याचे फाटे फुटत गेले.

‘काम्पुस’ची इतर भावंडेही मराठी वाचकाच्या रोजच्या ओळखीची आहेत. महाविद्यालयाचा ‘कॅम्पस’ हा तर मूळ लॅटिन शब्दच. तो शिक्षणसंस्थेच्या आवारासाठी प्रथम अठराव्या शतकात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे वापरला गेला. ‘चॅम्पियन’ म्हणजे मुळात मैदानात उतरून लढणारा. निवडणुकीतील ‘कॅम्पेन’ही याच घराण्यातले. हिवाळा सरला की युरोपातील फौजा उघड्या मुलखात उतरत. त्या मुलखाचे नाव आधी मोहिमेला मिळाले आणि नंतर प्रचाराला.

मग रोमन सैन्याच्या तळाला काय म्हणत?

त्याला लॅटिनमध्ये वेगळा शब्द होता, ‘कास्त्रा’. रोमन सैन्याने ब्रिटनमध्ये ठिकठिकाणी असे तळ टाकले. सैन्य निघून गेले, पण तळाभोवती बाजार बसला होता, रस्ते झाले होते, वस्ती वाढली होती. ‘कास्त्रा’ हा शब्द इंग्रजांच्या तोंडी ‘चेस्टर’, ‘कॅस्टर’ असा झाला आणि गावांच्या नावात जाऊन बसला. चेस्टर, मँचेस्टर, लँकेस्टर ही नावे त्यातूनच आली. आज मँचेस्टरला फुटबॉलचा सामना पाहणाऱ्याला आपण एका जुन्या लष्करी तळाचे नाव घेत आहोत याची जाणीवही नसते.

म्हणजे ‘कॅम्प’चे गाव होणे ही काही भारतातील गंमत नाही. सैन्य थांबले की दाणागोटा लागतो. तो पुरवायला व्यापारी येतो, त्याच्यामागे लोहार, धोबी, शिंपी येतात. सैन्य हलते, पण ज्यांचे पोट तिथे रुजले ते हलत नाहीत.

मराठीत ‘कॅम्प’साठी शब्द नव्हता का?

होते, आणि एक नव्हे, पाच-सहा होते. प्रत्येकाचे काम वेगळे होते.

‘छावणी’ हा शब्द छप्पर घालण्याशी, शाकारण्याशी नाते सांगणारा. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत आणि पावसाळ्यात एका जागी थांबत. तेव्हा उघड्यावर राहून भागत नसे, डोक्यावर छप्पर लागे. त्या मुक्कामाला छावणी म्हणत. गंमत अशी, की इंग्रजीने मुक्कामाला पायाखालच्या जमिनीवरून नाव दिले आणि मराठीने डोक्यावरच्या छपरावरून.

‘तळ’ म्हणजे उतरण्याची जागा. तळ ‘ठोकतात’ आणि तळ ‘हलवतात’. पंढरीच्या वारीत पालखी जिथे मुक्कामाला थांबते, त्या जागेला आजही ‘पालखी तळ’ म्हणतात. संध्याकाळी हजारो राहुट्या उभ्या राहतात आणि पहाटे मोकळे रान उरते. तात्पुरत्या मुक्कामाचे याहून चोख उदाहरण सापडणार नाही.

‘गोट’ म्हणजे सरदाराचा आणि त्याच्या पथकाचा मुक्काम. साताऱ्यात ‘पंताचा गोट’, ‘रामाचा गोट’ ही वस्त्यांची नावे अजून आहेत. राजकीय बातम्यांतील ‘विरोधी गोटात खळबळ’ हा प्रयोग इथूनच आला. इंग्रजी वृत्तपत्रे ज्या अर्थाने अमुक नेत्याचा ‘कॅम्प’ म्हणतात, त्यासाठी मराठीकडे घरचा शब्द होता.

‘शिबिर’ संस्कृतातला. महाभारतात युद्ध संपल्यावर अश्वत्थामा रात्री घाला घालतो तो पांडवांच्या शिबिरावर. एके काळी रक्ताशी जोडलेल्या या शब्दाने आता रक्तदानाचे काम हाती घेतले आहे. आरोग्य शिबिर, संस्कार शिबिर, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर. ठरावीक कामासाठी, ठरावीक दिवस एकत्र येणे एवढाच अर्थ त्यात उरला आहे.

याखेरीज फारसीतून आलेला ‘लष्कर’ होता. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला. तो तळ पुढे शहर झाला आणि त्या शहराचे नावच ‘लष्कर’ पडले. तुर्की भाषेत सैन्यतळाला ‘ओर्दू’ म्हणत. ‘उर्दू’ भाषेचे नाव त्यावरून पडले.

पुण्यात कॅम्प केव्हा आला?

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशवाई गेली आणि इंग्रज फौजेने शहराच्या पूर्वेला मोकळ्या जागेत ठाण मांडले. पुणेकर त्याला ‘लष्कर’ही म्हणत आणि ‘कॅम्प’ही. दोन्ही नावे टिकली. आजही खरेदीला लोक ‘कॅम्पात’ जातात, पण तक्रार द्यायची तर ‘लष्कर पोलीस ठाण्या’त जावे लागते.

हीच कथा मालेगाव कॅम्प, अमरावती कॅम्प, बेळगाव कॅम्प यांची. छत्रपती संभाजीनगरात त्याच प्रकारच्या भागाला ‘छावणी’ हे नाव मिळाले. विदर्भात नागपूरजवळ कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये कामठीची लष्करी छावणी उभी राहिली. ‘कॅम्प’ आणि इंग्रजी अक्षर ‘टी’ मिळून ‘कॅम्प-टी’ आणि त्याचे कामठी झाले, अशी व्युत्पत्ती तिथे हमखास ऐकायला मिळते. इंग्रजीतील जुन्या स्पेलिंगमुळे ती पटतेही. पण अशा लोककथांत गावाचे नाव आधी असते आणि अर्थ नंतर बसवला जातो, हे लक्षात ठेवलेले बरे.

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पने तर उलट इंग्रजीलाच एक शब्द दिला. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाण्याआधी देवळालीत ठेवले जात. जहाजे मिळायची ती हिवाळ्याच्या काही महिन्यांत. बोट चुकली की कित्येक महिने रिकामे बसून काढायचे, तेही उकाड्यात आणि हिवतापात. त्यात काहींचे डोके फिरे. देवळालीचा उच्चार सैनिक ‘डुलॅली’ करत आणि त्याला आपला ‘ताप’ जोडून ‘डुलॅली टॅप’ म्हणत. इंग्लंडमध्ये अजूनही वेडसर वागणाऱ्याला ‘डुलॅली’ म्हटले जाते. तात्पुरते म्हणून ठेवलेल्या माणसाला कधी सुटणार हे ठाऊक नसले, की त्याचे काय होते, ते या एका शब्दात साठले आहे.

‘कॅम्प’ या शब्दाची धास्ती केव्हा बसली?

महाराष्ट्रात ती प्लेगने बसवली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा रँडच्या अधिकाराखाली सैनिक घरोघरी घुसून झडती घेऊ लागले. आजारी माणसाला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना ‘सेग्रिगेशन कॅम्प’मध्ये नेले जाई. घर मोडले, अंथरूण-पांघरूण जाळले आणि वर सक्तीने कॅम्पात राहायचे, असा हा अनुभव होता. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास शाळेत शिकवला जातो, पण त्या रागाच्या मुळाशी एक कॅम्पही होता हे सहसा लक्षात येत नाही.

पुढच्याच काही वर्षांत दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात इंग्रजांनी शत्रूच्या बायकामुलांना कुंपणाआड कोंडले. अन्न आणि औषधाअभावी त्यांतील हजारो दगावली. ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’ हा शब्दप्रयोग तेव्हा इंग्रजीत सर्वतोमुखी झाला. नाझी जर्मनीने पुढे त्याला जो अर्थ दिला, तो जगाला माहीत आहे. मोकळ्या मैदानासाठी जन्मलेला शब्द अशा रीतीने काटेरी तारेच्या आत गेला.

निर्वासितांचे कॅम्प शहरे कशी बनली?

कोल्हापूरजवळचे वळिवडे हे त्याचे बोलके उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे भारतात आली. त्यांतील सुमारे पाच हजार जणांसाठी १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे कॅम्प उभारला गेला. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च असे एक छोटे पोलंडच तिथे नांदले. १९४८ पर्यंत ते लोक पांगले. दरम्यान फाळणी झाली होती. रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले. आज तेच ठिकाण गांधीनगर नावाने कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखले जाते.

मोठ्या प्रमाणावर हेच कल्याणजवळ घडले. युद्धकाळात तिथे लष्कराचा कॅम्प होता. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर लोकांना तिथे ठेवण्यात आले. १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे नामकरण उल्हासनगर असे झाले. शहराचे नाव बदलले, महापालिका झाली. तरी रिक्षात बसताना लोक अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच सांगतात. इथे तो आकडा फक्त पत्ता आहे. तिथे राहणाऱ्याच्या नागरिकत्वाबद्दल तो काही सांगत नाही.

गोंदियाच्या आसपास काय झाले?

गोंदियातून जाणारी हावडा-मुंबई रेल्वे पूर्वेला रायपूरला पोहोचते. १९६४ नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना रायपूरजवळ माना येथे ठेवले गेले आणि तिथून दंडकारण्य व आसपासच्या भागांत वसवले गेले. माना येथील वस्तीचे अधिकृत नाव आजही ‘माना कॅम्प’ असेच आहे. चंद्रपूर शहरात ‘बंगाली कॅम्प’ हा भाग आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातही बंगाली कुटुंबांना जमिनी देऊन वसवले गेले, पण त्यांच्या गावांना अरुणनगर, गौरनगर अशी नावे मिळाली.

त्याच तालुक्यात तिबेटी वसाहत आली. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागोमाग आलेल्यांना पुढील काही वर्षांत ठिकठिकाणी जमिनी देण्यात आल्या. कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोड, तर महाराष्ट्रात गोठणगाव. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी प्रशासनाच्या बोलण्यात-लिहिण्यात या वसाहतीशी ‘भंडारा’ हे नाव अजून जोडलेले दिसते. डोंगराळ, थंड पठारावरून आलेली माणसे धानाच्या, उन्हाच्या मुलखात शेती शिकली. हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरांत जाणे हा त्यांचा दुसरा आधार. नागपूरसारख्या शहरांत थंडीच्या दिवसांत लागणारा तिबेटी स्वेटरचा बाजार विदर्भाच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

एकाचे ‘नगर’ आणि दुसऱ्याचा ‘कॅम्प’, असे का?

याचे उत्तर कायद्यात आहे. फाळणीच्या वेळी आलेल्या निर्वासितांना राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिकत्वाची वाट दिली होती. उल्हासनगरचे रहिवासी मतदार झाले, मालक झाले, नगरसेवक झाले. तिबेटी मात्र कायद्याच्या नजरेत परदेशी राहिले. त्यांच्या हाती नोंदणी प्रमाणपत्र असते आणि ते मुदत संपली की नव्याने करून घ्यावे लागते. वसाहतीची जमीन त्यांच्या नावावर नसते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात अशी जमीन भाडेपट्ट्याने देण्याची तरतूद आहे, मालकीची नाही.

त्यात एक पेच आहे. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक ठरते, आई-वडील कुणीही असोत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात हे मान्य केले. २०१४ मध्ये निवडणूक आयोगानेही अशा तिबेटींची नावे मतदारयादीत घेण्यास सांगितले. म्हणजे १९७२ नंतरच्या पहिल्या पंधरा वर्षांत गोठणगावच्या वसाहतीत जन्मलेले मूल जन्मतःच भारतीय. त्याचे १९८७ नंतर जन्मलेले धाकटे भावंड मात्र आई-वडील दोघेही परदेशी असतील तर परदेशी. घर एकच, कागद दोन.

पारपत्राच्या बाबतीत पेच आणखी वाढला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पात्र तिबेटींना भारतीय पारपत्र देण्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर २०१७ मध्ये ज्या अटी पुढे आल्या, त्यांत नोंदणी प्रमाणपत्र रद्द करून घेणे आणि तिबेटी वसाहतीत न राहणे यांचा समावेश होता. सरळ शब्दांत, नागरिक व्हायचे तर कॅम्प सोडायचा. ज्या घरात जन्म झाला, ज्या शेतात आई-वडील राबले, ते सोडून.

दुसरी बाजूही आहे. अनेक तिबेटी स्वतःहून नागरिकत्व मागत नाहीत. आपण इथे पाहुणे आहोत, एक दिवस परत जायचे आहे, ही भावना जुन्या पिढीने जपली. कायमचे घर मान्य करणे म्हणजे मागे राहिलेल्या घरावरचा हक्क सोडण्यासारखे, असे त्यांना वाटते. त्यांच्यासाठी ‘तात्पुरते’ हा शब्द कमीपणाचा नाही. परतण्याची आशा त्यात आहे. पण ज्या नातवंडांनी तिबेट पाहिलेलेच नाही, त्यांना नोकरी, कर्ज, परदेशी शिक्षण यांसाठी अर्ज भरताना राष्ट्रीयत्वाच्या रकान्याशी थांबावे लागते.

बातमीत ‘कॅम्प’ वाचताना काय पाहावे?

सैन्याचा किंवा दुष्काळात जनावरांचा असेल तर मराठीत ‘छावणी’. २०१८-१९ च्या दुष्काळातील चारा छावण्या अनेकांना आठवत असतील. एखाद्या दिवसाचा उपक्रम असेल तर ‘शिबिर’. राजकारणात ‘गोट’. वारीत ‘तळ’. या सगळ्या ठिकाणी इंग्रजी शब्दावाचून अडत नाही.

‘कॅम्प’ मराठीत खऱ्या अर्थाने टिकला तो जागांच्या नावांत, म्हणजे नेमका जिथे मुक्काम उठला नाही तिथे. पुण्यात आणि उल्हासनगरात तो एक निरुपद्रवी पत्ता आहे, कारण तिथे राहणाऱ्याचा हक्क नावावर अवलंबून नाही. गोठणगावात तसे म्हणता येत नाही. तिथे वसाहतीला ‘कॅम्प’ म्हणायचे की गाव, हा प्रश्न व्युत्पत्तीच्या कोशात सुटणार नाही. तो सुटेल सातबाऱ्यावर, मतदारयादीत आणि पारपत्रावर.